काल, कर्म आणि दैव : उत्पादन लाइनच्या सिम्युलेशनमधील बिघाडाचा प्रश्न

कारखान्यातली उत्पादन लाइन संगणकावर उभी करताना यंत्रांचा वेग, लाइनवरून पुढे सरकणारे जॉब आणि कामगारांच्या पाळ्या एवढी माहिती पुरत नाही. यंत्रे बंद पडतात, आणि लाइनचे खरे उत्पादन कागदावरच्या क्षमतेपेक्षा कमी भरते त्याचे एक मोठे कारण हेच असते. म्हणून सिम्युलेशनमध्ये प्रत्येक यंत्राबाबत दोन गोष्टी सांगाव्या लागतात : एका बिघाडापासून पुढच्या बिघाडापर्यंत ते किती वेळ चालते, आणि बंद पडल्यावर दुरुस्तीला किती वेळ लागतो. या दोन्ही वेळा दर खेपेला वेगळ्या असतात. त्यामुळे ठरीव आकडा न देता संभाव्यतेचे एक वितरण दिले जाते. संगणक त्यातून दर वेळी एक यादृच्छिक आकडा उचलतो आणि त्या घटकेला यंत्र थांबवतो.

तंत्र म्हणून हे सरळ आहे. पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आहे. प्रत्यक्षात कोणतेही यंत्र विनाकारण थांबत नाही. बेअरिंग घासते, बेल्ट तुटतो, सेन्सरवर तेल उडते, फिक्स्चरमध्ये जॉब तिरका बसतो. कारण असलेली ही घटना सिम्युलेशनच्या प्रतिमानात मात्र फासा टाकल्यासारखी येते. मग यादृच्छिकता जगातच आहे, की ती जाणणाऱ्याच्या अज्ञानाचे नाव आहे? आणि अज्ञानाचे नाव असेल, तर तिच्या भरवशावर नवे यंत्र घ्यायचे की नाही, किती फिटर ठेवायचे, असे निर्णय करणे कितपत रास्त?

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचे कारण शोधताना काल, स्वभाव, नियती, यदृच्छा, भूते, पुरुष अशी नावे विचारासाठी पुढे ठेवली आहेत. मक्खली गोसालाच्या आजीविक पंथाने त्यांतल्या नियतीलाच सर्वस्व मानले. काट्याचे टोक कोणी घासून तीक्ष्ण केलेले नसते, तशा वस्तू निमित्तावाचूनच उपजतात, असा पक्ष न्यायसूत्रांत मांडून खोडून काढलेला आहे. या आकस्मिकवादाचा सर्वांत नेमका समाचार उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत घेतला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : कार्य जर कशावरच अवलंबून नसेल, तर ते सदैव असायला हवे किंवा कधीच असू नये. ते कधी असते आणि कधी नसते, याचाच अर्थ ते दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत असते. बिघाड ही अशी कधीतरी होणारी घटना आहे. तो केव्हातरीच होतो, हेच त्याला कारण असल्याचे प्रमाण.

फ्रान्समध्ये पिएर-सिमों लाप्लास यांनी 1814 मध्ये संभाव्यतेवरच्या आपल्या तात्त्विक निबंधात जवळपास याच जागी पाय रोवला. जगातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरचे बल एका क्षणी जाणणारी बुद्धी असेल, तर तिला भविष्यही भूतकाळाइतकेच उघड दिसेल. संभाव्यता लागते ती आपल्यापाशी अशी बुद्धी नाही म्हणून. अणूच्या पातळीवर विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राने या मताला धक्का दिला. पण बेअरिंग, बेल्ट आणि पंप यांच्या जगात लाप्लास आणि उदयन यांचे म्हणणे उभे राहते. कारखान्यातला योगायोग हा यंत्राचा गुण नाही. तो यंत्राविषयी कोणाला किती ठाऊक आहे याचा गुण आहे. ऑपरेटरला आवाजातला बदल ऐकू येतो. त्याच्यासाठी तासाभरात येणारा बिघाड ठरलेला असतो. प्लॅनिंगच्या खोलीत बसलेल्याला तोच बिघाड अचानक घडल्यासारखा वाटतो.

मात्र अज्ञान म्हणजे अंदाधुंदी नव्हे. 1898 मध्ये लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएविच यांनी प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंची नोंद तपासली. दहा कोअरची वीस वर्षांची नोंद, म्हणजे 200 निरीक्षणे, आणि त्यांत एकूण 122 मृत्यू. प्रत्येक मृत्यूला आपले स्वतंत्र, साधे, क्रूर कारण होते : एक घोडा, एक सैनिक, एक बेसावध क्षण. तरीही कोणत्याही सैनिकाचा वा घोड्याचा विचार न करता, केवळ सरासरीवरून प्वासाँच्या सूत्राने मांडणी केली, तर एकही मृत्यू नसलेली निरीक्षणे सुमारे 108.7 यायला हवीत. प्रत्यक्षात ती 109 होती. एकेका घटनेत कारण आणि समूहात नियम, हे दोन्ही एकाच वेळी खरे असतात. बिघाडाचे वितरण लिहिणारा अभियंता कारण नाकारत नसतो; एकेक कारण न कळताही समूहाचा नियम कळू शकतो, एवढ्या आधारावर तो उभा असतो.

समूहाचा नियम म्हणजे केवळ सरासरी, असे मात्र समजू नये. या विषयात सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते. एक उदाहरण पुरे. पहिले यंत्र ताशी 70 जॉब करते, पुढचे ताशी 60 उचलते आणि दोहोंच्या मध्ये 10 जॉब मावतील एवढी जागा आहे. पहिले यंत्र दहा टक्के वेळ बंद असते. ते 54 मिनिटे चालून 6 मिनिटे थांबत असेल, तर मधल्या साठ्यातले सहा जॉब वापरले जातात, पुढचे यंत्र थांबत नाही आणि साठा पुन्हा भरतो. दहा तासांत 600 जॉब निघतात. तेच यंत्र 9 तास चालून सलग 1 तास थांबत असेल, तर साठा दहा मिनिटांत संपतो, पुढचे यंत्र पन्नास मिनिटे उपाशी बसते आणि दहा तासांत 550 जॉब निघतात. दोन्ही ठिकाणी उपलब्धता 90 टक्केच आहे. आता कोणी बिघाड वगळून यंत्राचा वेगच दहा टक्क्यांनी कमी धरला, तर ते ताशी 63 जॉब देताना दिसते आणि मधल्या साठ्याची गरजच उरत नाही. सरासरी बरोबर असूनही चित्र खोटे असते. कारण लाइनला बिघाडाची बेरीज जाणवत नाही. तिला एकेक बिघाड, त्याच्या लांबीसह, सोसावा लागतो.

यापुढचा प्रश्न सरळ दर्शनशास्त्रातला आहे. यंत्राला काळ झिजवतो की काम? वैशेषिकांनी काल हे द्रव्य मानले आणि उत्पन्न होणाऱ्या सर्व वस्तूंचे ते साधारण कारण सांगितले. कर्म हा त्यांच्या मते वेगळा पदार्थ. सिम्युलेशन करणाऱ्याला या दोहोंतून निवड करावी लागते. बिघाडाचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाबरोबर चालवायचे, की यंत्र प्रत्यक्ष काम करत असतानाच पुढे सरकवायचे? बफर, म्हणजे मधला साठा, नसलेल्या लाइनवर ओळीने दहा यंत्रे आहेत, प्रत्येक एकटे असताना 90 टक्के उपलब्ध आहे आणि प्रत्येकाला स्वतंत्र फिटर आहे, असे धरू. बिघाड काळावर अवलंबून असेल, तर एक यंत्र थांबल्यामुळे रिकामी उभी असलेली बाकीची यंत्रेही बिघडत राहतात, आणि लाइनची उपलब्धता 0.9 चा दहावा घात, म्हणजे सुमारे 35 टक्के येते. बिघाड कामावर अवलंबून असेल, तर थांबलेले यंत्र बिघडत नाही आणि हीच उपलब्धता 9 भागिले 19, म्हणजे सुमारे 47 टक्के येते. आकडे तेच, यंत्रे तीच. फरक फक्त काल आणि कर्म यांतल्या निवडीचा. धातू कापणाऱ्या टूलची झीज कामाने होते, हे उघड आहे. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, रबरी सील, गंज धरणारा पाइप यांच्यावर काळाचा अंमल चालतो. सॉफ्टवेअरने आधीच निवडून ठेवलेला पर्याय न तपासता तसाच ठेवणे म्हणजे विचार न करता एका दर्शनाचा स्वीकार करणे होय.

यंत्राला भूतकाळ असतो का, हा प्रश्नही असाच. घातांकी वितरण सोपे आणि म्हणून फार वापरले जाते. त्याच्या मुळाशी गृहीतक असे की यंत्राला स्मृती नाही : कालच दुरुस्त झालेले आणि सहा महिने अखंड चाललेले, दोन्ही यंत्रे पुढच्या तासात बिघडण्याची शक्यता सारखीच. स्वीडनच्या वालोड्डी वाइबुल यांनी 1951 मध्ये ज्या वितरणाची व्यापक उपयुक्तता दाखवली, त्यात आकार ठरवणारे एक प्राचल आहे. ते 1 असेल तर यंत्र स्मृतिहीन ठरते. ते 1 पेक्षा जास्त असेल तर वयाबरोबर धोका वाढतो, जणू संचित साठत जाते. 1 पेक्षा कमी असेल तर उलट घडते : धोका आरंभी सर्वांत जास्त, आणि यंत्र टिकले की तो घटत जातो.

वयाने जीर्ण होणे हा देहधारी प्राण्याचा अनुभव माणूस यंत्रावर सहज लादतो. प्रत्यक्ष पुरावा त्याला फारसा अनुकूल नाही. युनायटेड एअरलाइन्सचे नोलन आणि हीप यांनी 1978 च्या त्यांच्या अहवालात विमानांच्या भागांच्या बिघाडाचे सहा आकृतिबंध दिले. वय वाढले की बिघाड वाढतो असे दाखवणारे आकृतिबंध मिळून 11 टक्के भागांनाच लागू पडत होते. 68 टक्के भागांत धोका आरंभी जास्त होता आणि नंतर स्थिरावत होता. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले होते की ठरलेल्या 50 तासांच्या तपासणीनंतर लगेच विमानांतले दोष वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. दुरुस्तीच बिघाडाला निमित्त होत होती. चालते यंत्र केवळ तारीख आली म्हणून उघडणे नेहमीच पुण्याचे नसते, हा निष्कर्ष कोणत्याही मेंटेनन्स विभागाने मनावर घ्यावा असा आहे. अर्थात विमानाच्या भागांचे हे प्रमाण प्रेसशॉपला जसेच्या तसे लावता येत नाही. तिथली नोंद तिथेच घ्यावी लागते.

दुरुस्तीच्या वेळेचा स्वभाव वेगळा. बिघाड यंत्राचा असतो, दुरुस्तीचा वेळ माणसांच्या व्यवस्थेचा. यंत्र थांबल्याचे कोणाच्या लक्षात येते, फिटरला निरोप जातो, तो हातातले काम टाकून येतो, दोष शोधतो, स्पेअर पार्टसाठी स्टोअरला माणूस धाडतो, भाग बसवतो, मग ट्रायलचे दोन-चार जॉब काढून पाहतो. प्रत्यक्ष पान्याचे काम यात कधी कधी सर्वांत थोडे असते. म्हणूनच या वेळांचे वितरण एका बाजूला लांब ओढलेले दिसते : बहुतेक दुरुस्त्या थोडक्यात आटोपतात, पण एखादी पाळीच्या पाळी खाते. लॉगनॉर्मल किंवा गॅमा वितरण इथे शोभते ते त्यामुळे. रात्रपाळीत स्टोअर बंद असेल, तर तोच दोष सकाळपर्यंत ताणला जातो, आणि रजिस्टरमध्ये मात्र तो यंत्राच्या नावावर पडतो. फिटरची वाट पाहण्यात गेलेला वेळ दुरुस्तीच्या वेळेत मिसळलेला असेल आणि प्रतिमानात फिटरही स्वतंत्रपणे मोजले असतील, तर एकच विलंब दोनदा मोजला जातो. नोंदीतले आकडे 15, 30, 45 असे ठोकळ दिसू लागले, तर ते घड्याळ पाहून नव्हे, पाळी संपताना आठवून लिहिले आहेत असे समजावे. दोन-तीन मिनिटांचे थांबे तर बहुधा लिहिलेच जात नाहीत. असत्य इथे कोणी हेतुपुरस्सर लिहीत नाही, तरी प्रतिमान मात्र त्यावर उभे राहते.

आता यादृच्छिक आकडा येतो कुठून, तेही पाहिले पाहिजे. संगणकातला यादृच्छिक आकडा यादृच्छिक नसतोच. डी. एच. लेहमर यांनी 1949 मध्ये सुचवलेली रीत आजही समजायला सर्वांत सोपी : मागच्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणायचे, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागायचे आणि जी बाकी उरेल ती पुढची संख्या. पहिल्या संख्येला बीज म्हणतात. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेले मेर्सेन ट्विस्टर पुष्कळ अधिक गुंतागुंतीचे आहे, पण तत्त्व तेच. बीज तेच ठेवले की तीच यंत्रे त्याच सेकंदाला बंद पडतात आणि तेवढ्याच वेळाने सुरू होतात. गणिताच्या क्रियांनी यादृच्छिक अंक मिळवू पाहणे हे एक प्रकारचे पाप आहे, अशा अर्थाचा शेरा जॉन फॉन न्यूमन यांनी मारला होता, तो याच विसंगतीमुळे.

पण ही विसंगती नीट पाहिली, तर ती मूळ प्रश्नावर प्रकाश टाकते. सिम्युलेशनचे जग पूर्णपणे नियत आहे. त्यातला प्रत्येक बिघाड बीजातच ठरलेला आहे; आजीविकांची नियती इतकी निखळ दुसरीकडे कुठे सापडणार नाही. तरीही त्या जगात आतून पाहणाऱ्याला, म्हणजे लाइनवरच्या पुढच्या यंत्राला, बिघाड अकस्मातच भासतो, आणि संख्याशास्त्राच्या कसोट्याही तो यादृच्छिक असल्याचाच निर्वाळा देतात. नियती आणि योगायोग यांत घटनेचा भेद नाही, पाहण्याच्या जागेचा भेद आहे, हे इथे उघड दाखवता येते. दोन योजनांची तुलना करताना जाणकार याचा उपयोगही करतात. दोन्ही योजनांना तेच बीज, म्हणजे तेच दैव देतात. मग निकालात जो फरक दिसतो त्यात योजनेचा वाटा किती, हे पुष्कळच स्वच्छ कळते. आणि एका बीजावर विसंबून राहत नाहीत. अनेक बिजांनी लाइन पुन्हा पुन्हा चालवतात, कारण प्रत्यक्षात घडणारे वर्ष एकच असले, तरी घडू शकणारी वर्षे पुष्कळ असतात, आणि निर्णय त्या सगळ्यांना पुरून उरावा लागतो.

इथे चार्वाकाचा आक्षेप आठवतो. पाहिलेल्या धुरावरून आणि अग्नीवरून न पाहिलेल्या सर्व ठिकाणांविषयी व्याप्ती कशी सांगता येईल, असे तो विचारतो. दोन वर्षांच्या नोंदीतून काढलेल्या वितरणालाही हेच विचारता येते. नोंदीतली सर्वांत लांब दुरुस्ती आठ तासांची असेल, तर नोंदीतूनच आकडे उचलणारे प्रतिमान नवव्या तासाची कल्पनाही करू शकत नाही. सूत्रबद्ध वितरण ती करू शकते, पण किती, हे पुराव्याने नव्हे, वितरणाच्या निवडीने ठरते. शिवाय बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे बहुतेक प्रतिमाने धरून चालतात. कॉम्प्रेसरची हवा गेली की त्या हवेवर चालणारी सगळी यंत्रे एकदम थांबतात, हे त्या गृहीतकात बसत नाही. चार्वाकाला उदयनांनी दिलेले उत्तर असे की शंकेलाही मर्यादा आहे : व्यवहारात ज्याच्या आधाराने माणूस वागतो, त्याविषयी तो खरोखर शंका घेत नसतो. सगळ्यावर अविश्वास ठेवणाऱ्याला एक बेअरिंगही आगाऊ मागवता येणार नाही. उत्तर पुरेसे आहे, पण ते सावधपणाची सुट्टी देत नाही. नोंदीत नसलेला मोठा बिघाड प्रतिमानात मुद्दाम घालून लाइन कशी तगते, हे पाहिलेच पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचा भाग जबाबदारीचा. तोयोताच्या ताइइची ओनो यांनी पाच वेळा 'का' विचारण्याची जी रीत सांगितली, तिचे त्यांनीच दिलेले उदाहरण बिघाडाचे आहे. यंत्र थांबले, कारण ताण वाढून फ्यूज उडाला. ताण वाढला, कारण बेअरिंगला वंगण पुरले नाही. वंगण पुरले नाही, कारण पंप ते नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट झिजला, कारण पंपाला जाळी नव्हती आणि धातूचा कीस आत गेला. पहिल्या उत्तराला थांबणारा फ्यूज बदलतो आणि पुढचा बिघाड पुन्हा यादृच्छिक म्हणून नोंदवतो. पाचव्या उत्तराला पोहोचणारा जाळी बसवतो. यादृच्छिकता कुठे सुरू होते, हे निसर्गाने आखलेले नसते. 'का' विचारणे जिथे थांबते तिथे ती सुरू होते. आणि ते कुठे थांबावे, हा निर्णय माणसाचा, म्हणून नैतिक आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही आणि त्याला पहिले स्थानही दिलेले नाही. टिळकांनी 1915 च्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांची सांगड घालायला एक संबंध प्रकरण खर्ची घातले, त्यामागे हीच चिंता होती की कर्माच्या अटळपणाचे तत्त्वज्ञान निष्क्रियतेचे निमित्त होऊ नये. कारखान्यात हा समन्वय ग्रंथांशिवायही जगला जातो. खंडेनवमीला यंत्राला झेंडूचा हार घालणारा फिटर पुढच्या पाळीत तेलाची पातळीही तपासतो. एक केले म्हणून दुसरे नको, असे त्याला वाटत नाही. प्रतिमानातही दैवाची जागा पाचवीच असावी. जागा, माणूस, हत्यार आणि कामाची पद्धत यांचा हिशेब झाल्यावर जे उरते, तेवढेच वितरणाच्या हवाली करणे रास्त. आधीची चार कारणे न तपासता सगळेच वितरणात लोटले, तर प्रतिमान गणिताने निर्दोष असूनही ते टाळता येण्याजोग्या बिघाडांना अटळ ठरवते, आणि मग व्यवस्थापन त्यांच्याभोवती मोठे बफर आणि जादा यंत्रे उभी करते.

याच कारणाने कोणतेही वितरण कायमचे नसते. ते यंत्राचे जेवढे असते, तेवढेच त्या यंत्राच्या निगराणीचे असते. पंपाला जाळी बसली, फिटर बदलला किंवा स्टोअर रात्री उघडे राहू लागले, की त्या दिवसापासून जुन्या नोंदी कालबाह्य होतात आणि प्रतिमानासाठी आकडे नव्याने गोळा करावे लागतात.